मानेचा निर्णय आणि जनुकांची साक्ष

जिभेच्या कडेला दीड-दोन सेंटिमीटरची जखम आहे. बायोप्सीत कॅन्सर निघाला आहे. सर्जन मानेवरून बोटं फिरवून पाहतात, हाताला काही लागत नाही. सोनोग्राफीतही गाठ दिसत नाही. जिभेवरचा रोग काढायचा, याबद्दल दुमत नसतं. अडतं ते मानेपाशी. तिथल्या लसिकाग्रंथी याच ऑपरेशनमध्ये काढून टाकायच्या, की लक्ष ठेवायचं आणि गाठ आलीच तर पुन्हा ऑपरेशन करायचं?

जगभरच्या सर्जनांत कित्येक दशकं चाललेल्या या वादाचं उत्तर मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात मिळालं. डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून दहा वर्षं अशा सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांची चाचणी केली. कोणाची मान लगेच साफ करायची आणि कोणाच्या बाबतीत थांबायचं, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. २०१५ मध्ये ५०० रुग्णांचे निकाल प्रसिद्ध झाले. मानेच्या ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते. थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. साडेबारा टक्क्यांचा हा फरक एकाही नव्या औषधाशिवाय पडला. तोंडाच्या कॅन्सरच्या उपचारात इतका स्पष्ट निकाल देणाऱ्या चाचण्या फार थोड्या आहेत, आणि ही आपल्याकडे झाली याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण याच चाचणीत आणखी एक आकडा आहे. ज्यांच्या ग्रंथी लगेच काढल्या, त्यांतल्या सुमारे तीसच टक्के रुग्णांच्या ग्रंथींत सूक्ष्मदर्शकाखाली रोग सापडला. सूक्ष्मदर्शकाच्या नजरेतून काही निसटतं हे धरलं, तरी निम्म्याहून अधिक लोकांच्या मानेत त्या वेळी काहीच नव्हतं. त्यांनाही कानामागून गळ्यापर्यंतचा छेद, बधिर झालेली कातडी आणि अनेकदा आखडलेला खांदा सोसावा लागला. खांद्याला हालचाल देणारी नस याच भागातून जाते. ती वाचवली तरी ताणली जाते. मग वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही, केस विंचरताना हात डोक्यापर्यंत पोचत नाही. आधी खात्रीने कळण्याचा उपाय नसल्यामुळे बहुतेकांची मान उघडणं आज योग्य ठरतं.

रोग पुढे कसा वागेल, हे गाठीतली जनुकं आधी सांगू शकतील का? तोंडाच्या कॅन्सरमधल्या जनुकीय खुणांचा, म्हणजे ‘बायोमार्कर’चा, शोध ज्या प्रश्नांसाठी चालू आहे, त्यांतला हा सर्वांत निकडीचा. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे ३ लाख ९० हजार नवे रुग्ण आढळले. त्यांतले सुमारे १ लाख ४४ हजार, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, भारतातले होते. भारतीय पुरुषांमध्ये हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे.

पुढे जाण्याआधी एक फरक ध्यानात घ्यायला हवा, कारण बातम्यांमध्ये तो हमखास पुसला जातो. काही खुणा रोगाचा स्वभाव सांगतात: हा आक्रमक आहे की मवाळ, परत येईल की नाही. काही खुणा उपचाराचं सांगतात: अमुक औषध या रुग्णाला लागू पडेल की नाही. एक खूण पहिलं काम उत्तम करत असेल आणि दुसऱ्याला अगदी निरुपयोगी असेल, असं होऊ शकतं. याचं एक कडू उदाहरण पुढे येणारच आहे.

सर्वांत जुना आणि सर्वांत जास्त अभ्यासलेला साक्षीदार म्हणजे टीपी५३ हे जनुक. पेशीतला डीएनए बिघडला की हे जनुक विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं, आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. तंबाखूतली रसायनं त्यावरही घाव घालतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ प्रकल्पाने डोकं आणि मानेच्या भागातल्या २७९ गाठींचा जनुकीय नकाशा मांडला. त्यांत ज्या गाठींचा एचपीव्ही विषाणूशी संबंध नव्हता, त्यांतल्या ८४ टक्के गाठींत टीपी५३ बिघडलेलं होतं.

अडचण इथेच सुरू होते. बहुतेक सगळ्यांमध्येच आढळणारी खूण माणसामाणसांत फरक कसा करणार? म्हणून संशोधकांनी बिघाडाची प्रत पाहायला सुरुवात केली. २००७ मध्ये ४२० रुग्णांच्या अभ्यासात टीपी५३ चे बिघाड दोन प्रकारांत विभागले गेले: प्रथिनाचं काम साफ मोडून टाकणारे आणि तुलनेने सौम्य. पहिल्या प्रकारचा बिघाड असलेल्यांना मृत्यूचा धोका, हे जनुक धड असलेल्यांच्या मानाने सुमारे १.७ पट होता. संशोधनाच्या दृष्टीने हा आकडा मोठा आहे. पण एकट्या रुग्णासमोर बसलेल्या डॉक्टरला त्यावरून मान उघडायची की नाही, हे ठरवता येत नाही. धोका दुप्पटही नसेल, तर दोन्ही गटांत बरे होणारे आणि न होणारे असे दोघंही भरपूर असतात.

याच जनुकाचा एक जास्त उपयोगी वापर त्याआधीच सुचला होता, आणि तो मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. गाठ काढल्यावर पॅथॉलॉजिस्ट तिच्या कडांना रंगीत शाई लावतात, तुकड्याचे पातळ काप करतात आणि शाईपासून रोग किती मिलिमीटरवर आहे ते मोजतात. कडा स्वच्छ असल्या, तर ऑपरेशन नीट झालं. तरीही काहींना त्याच जागी रोग परत होतो. हे का? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डेव्हिड सिड्रान्स्की यांच्या गटाने २५ रुग्णांच्या, सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ ठरलेल्या कडा घेतल्या. प्रत्येकाच्या मूळ गाठीत टीपी५३ चा जो नेमका बिघाड होता, तोच या कडांमध्ये शोधला. १३ जणांच्या कडांत तो सापडला. पुढे त्या १३ पैकी ५ जणांना त्याच जागी रोग परतला. उरलेल्या १२ जणांपैकी एकालाही नाही. १९९५ सालचा हा अभ्यास. रुग्ण थोडे होते, पण डोळ्याला न दिसणारा रोग जनुकाला दिसतो, हे त्याने दाखवून दिलं.

त्यामागचं कारण आणखी जुन्या निरीक्षणात आहे. १९५३ मध्ये डॅनली स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रुग्णांच्या तुकड्यांचा अभ्यास करून लिहिलं, की गाठीभोवतालचं निरोगी दिसणारं अस्तरही बदललेलं असतं. वाफ्यात एक रोप सुकलेलं दिसावं, पण बुरशी सगळ्या मातीत असावी, तसं हे. तंबाखू आणि चुन्याची गोळी वर्षानुवर्षं ओठाच्या आत किंवा गालाच्या खोबणीत राहते, तेव्हा ती एका पेशीला नव्हे तर सगळ्या अस्तरालाच भिजवत असते. काढलेली गाठ ही त्या अस्तरातली सर्वांत पुढे गेलेली जागा इतकंच.

आपल्याकडच्या रोगाचं वेगळेपण इथे येतं. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर बहुधा जिभेचा किंवा जिभेखालचा, आणि कारण धूम्रपान व मद्य. आपल्याकडे तो मोठ्या प्रमाणावर हिरडी आणि गाल यांच्या मधल्या खाचेत होतो, जिथे तंबाखूची गोळी, गुटखा किंवा मशेरी टेकून राहते. वैद्यकीय लिखाणात याला ‘भारतीय तोंडाचा कॅन्सर’ असंच म्हटलं जातं. नुसती सुपारीही यात निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ मध्ये तिला माणसात कॅन्सर निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं.

या हिरडी-गालाच्या कॅन्सरचा जनुकीय नकाशा भारतानेच काढला. खारघरचं ‘अ‍ॅक्ट्रेक’, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन शाखा, आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी आंतरराष्ट्रीय कॅन्सर जीनोम प्रकल्पाचा भाग म्हणून हे काम केलं. निकाल २०१३ मध्ये आला. आधी ५० रुग्णांच्या गाठींत जनुकांचे प्रथिनं घडवणारे सगळे भाग वाचले गेले, मग आणखी ६० जणांमध्ये पडताळणी झाली. टीपी५३, फॅट१, कॅस्प८, एचआरएएस, नॉच१ ही ओळखीची नावं तर निघालीच, शिवाय यूएसपी९एक्स आणि एआरआयडी२ यांसारखी पाच नवी जनुकं या रोगात वारंवार बिघडलेली सापडली.

यातलं कॅस्प८ खास लक्ष देण्याजोगं आहे. पेशीला मरणाचा बाहेरून आलेला आदेश पाळायला लावणारं हे जनुक. अमेरिकी नकाशातही तोंडाच्या कॅन्सरचा एक छोटा गट वेगळा उठून दिसला: त्यात कॅस्प८ आणि एचआरएएस बिघडलेली, टीपी५३ मात्र धड, आणि गुणसूत्रांची मोडतोड कमी. या गटातल्या रुग्णांची वाटचाल तुलनेने बरी होती. दोन खंडांतली, वेगळ्या सवयींची माणसं, आणि तीच जनुकं पुन्हा पुढे येतात, तेव्हा विश्वास ठेवायला जागा होते. एचआरएएस तर उपचाराचीही खूण ठरू पाहतं आहे. या जनुकात ठळक बिघाड असलेल्या, इतर उपचार थकलेल्या २० रुग्णांना टिपिफार्निब हे औषध दिल्यावर ११ जणांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या, असा निकाल २०२१ मध्ये आला.

आता त्या कडू उदाहरणाकडे. कॅन्सर होण्याआधी अनेकांच्या तोंडात पांढरा चट्टा असतो. बहुतेक चट्टे तसेच राहतात, काही कॅन्सरकडे जातात. कोणते? कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये मिरियम रोसिन आणि लेवेई झांग यांनी अशा चट्ट्यांत गुणसूत्रांचे तुकडे गळाले आहेत का, ते पाहिलं; प्रामुख्याने तिसऱ्या आणि नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजांवरचे. २०१२ मध्ये त्यांनी मांडलेले आकडे थक्क करणारे आहेत. गळती नसलेल्या गटात पाच वर्षांत कॅन्सरकडे जाणारे ३.१ टक्के, मधल्या गटात १६.३ टक्के आणि सर्वाधिक गळती असलेल्या गटात ६३.१ टक्के. भविष्य सांगणारी खूण म्हणून याहून चांगलं काही तोंडाच्या रोगात क्वचितच सापडेल.

मग साहजिकच पुढचं पाऊल पडलं. धोकादायक गळती असलेल्या १५० लोकांपैकी निम्म्यांना एर्लोटिनिब हे औषध आणि निम्म्यांना औषधाचा अंश नसलेली गोळी देण्यात आली. २०१६ मध्ये निकाल आला. तीन वर्षं कॅन्सरपासून मुक्त राहिलेले औषधाच्या गटात ७० टक्के, साध्या गोळीच्या गटात ७४ टक्के. औषधाने काहीच केलं नाही. खुणेने मात्र आपलं काम पुन्हा चोख केलं: गळती असलेल्यांना खरोखरच जास्त कॅन्सर झाले. धोका ओळखता आला, तो टाळता आला नाही.

चट्ट्यांच्या याच क्षेत्रात एक मोठी फसवणूकही झाली. नॉर्वेच्या जॉन सुडबो यांनी २००१ मध्ये लिहिलं, की चट्ट्याच्या पेशींतलं डीएनएचं प्रमाण बिघडलेलं असेल तर त्यांतल्या ८४ टक्के लोकांना कॅन्सर होतो. जगातल्या अत्यंत मानाच्या वैद्यकीय नियतकालिकात हा लेख आला आणि वर्षानुवर्षं उद्धृत होत राहिला. २००६ च्या जानेवारीत त्यांच्या दुसऱ्या एका अभ्यासाचं बिंग फुटलं. त्यातल्या ९०८ लोकांपैकी २५० जणांची जन्मतारीख एकच होती. माणसंच बनावट होती. चौकशीनंतर चट्ट्यांवरचे लेखही मागे घेतले गेले. त्या खुणेवर भरवसा ठेवून ज्यांनी रुग्णांना सल्ला दिला असेल, त्यांच्या मनाचं काय झालं असेल, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

फसवणूक विरळाच. जास्त नुकसान होतं ते प्रामाणिक पण घाईच्या कामाने. गेल्या दहा-बारा वर्षांत ‘तोंडाच्या कॅन्सरचं भाकीत करणारी पाच जनुकं’, ‘सात जनुकं’, ‘बारा जनुकं’ अशा शोधनिबंधांचा पूर आला आहे. यांतले बरेचसे सगळ्यांना खुल्या असलेल्या त्याच ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’च्या माहितीतून काढलेले असतात. हिशेब सोपा आहे. माणसात प्रथिनं घडवणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत. प्रत्येकाचा रुग्णाच्या आयुर्मानाशी संबंध तपासला आणि विसात एक चूक चालेल असं ठरवलं, तर कशाचाही संबंध नसताना हजारेक जनुकं ‘महत्त्वाची’ ठरतील. त्यांतली पाच-सात निवडून सुबक आलेख काढणं अवघड नाही. हा दोष काबूत ठेवायच्या संख्याशास्त्रीय रीती आहेत, पण त्यांचा खरा कस दुसऱ्या रुग्णालयाच्या, दुसऱ्या देशाच्या रुग्णांवर लागतो. तिथे बहुतेक याद्या कोसळतात.

स्तनांच्या कॅन्सरबाबत २०११ मध्ये झालेला एक अभ्यास या विषयात हात घालणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. जेवणानंतर हसल्याने रक्तपेशींत ज्या जनुकांचं काम बदलतं, त्यांची यादी घेऊन संशोधकांनी स्तनांच्या कॅन्सरचं भाकीत केलं, आणि ते जुळलं! जुळण्याचं कारण हसण्यात नव्हतं. आक्रमक गाठीत पेशी वेगाने विभागतात आणि त्या वेगाशी हजारो जनुकं बांधलेली असतात. कोणतीही मोठी यादी उचलली तरी तो वेग तिच्यात उमटतो. मग ती यादी खास त्या रोगाबद्दल काही सांगते असं म्हणता येत नाही.

म्हणूनच मानेच्या प्रश्नावर नेदरलँड्समध्ये झालेलं काम मोलाचं आहे. युट्रेख्टच्या गटाने २००५ मध्ये ग्रंथींत रोग पोचला आहे का हे सांगणारी १०२ जनुकांची यादी दिली आणि तिथे थांबले नाहीत. ती यादी देशातल्या इतर रुग्णालयांच्या २२२ रुग्णांवर तपासली आणि २०१२ मध्ये निकाल मांडला. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णाबद्दल चाचणी ‘मान स्वच्छ आहे’ म्हणाली, तर ते ८९ टक्के वेळा खरं निघालं. उरलेल्या ११ टक्क्यांचा रोग मात्र सुटला असता. आपली मान न उघडण्यासाठी इतका धोका पत्करायचा का, हे प्रत्येक रुग्णाला विचारावं लागेल, आणि उत्तर सगळ्यांचं सारखं नसेल. खारघरमध्ये अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने जिभेच्या कॅन्सरमध्ये एमएमपी१० या जनुकाकडे बोट दाखवलं आहे. ग्रंथींपर्यंत पोचणाऱ्या गाठींत त्याचं काम वाढलेलं दिसतं. आपल्याच रुग्णांतून निघालेली ही खूण मोठ्या, अनेक रुग्णालयांच्या चाचणीपर्यंत जायला हवी.

घशाच्या कॅन्सरची पी१६ ही खूण तोंडाला लावण्याची चूक अजून होते. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या, एचपीव्ही विषाणूमुळे उद्भवणाऱ्या कॅन्सरमध्ये ती इतकी भरवशाची आहे की रोगाचा टप्पाच तिच्यावर ठरतो. तंबाखूमुळे होणाऱ्या गालाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरमध्ये तिला तसा अर्थ नाही.

आशा वाटते ती लाळेकडून. २०१५ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात तोंडाच्या कॅन्सरच्या सर्व रुग्णांच्या लाळेत गाठीचा डीएनए सापडला. ऑपरेशननंतर दर तीन महिन्यांनी लाळ तपासून रोग परतायच्या आधी कळलं, तर ते खेड्यातून मुंबई गाठणाऱ्या रुग्णासाठी वरदान ठरेल. अजून तरी ही तपासणी नेहमीच्या व्यवहारात आलेली नाही.

प्रत्यक्ष उपचारात आज वापरली जाणारी खूण म्हणजे पीडी-एल१. हे गाठीवरचं प्रथिन आहे. इम्युनोथेरपीचा उपयोग होईल का याचा अंदाज त्यावरून घेतात. औषध इतकं महाग की खूण असून उपयोग नाही, अशी आपल्याकडे गत होती. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाची नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम मात्रा इतर गोळ्यांसोबत देऊन पाहिली. रोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांत वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

आणि मानेचा निर्णय आज कशावर होतो? मुख्यतः रोग किती मिलिमीटर खोल गेला आहे यावर. २०१८ पासून लागू झालेल्या टप्प्यांच्या पद्धतीत ५ आणि १० मिलिमीटर या खोलीच्या रेषा अधिकृतपणे आल्या. सूक्ष्मदर्शक आणि मोजपट्टी एवढ्यावर हे मोजमाप होतं. नव्या जनुकीय चाचणीने आधी त्या मोजपट्टीपेक्षा जास्त काही सांगितलं पाहिजे, तरच तिच्यासाठी रुग्णाच्या खिशातले पैसे काढावेत.

घरात कोणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी आहेत का ते पाहा: रोगाची खोली, कडेपासूनचं अंतर, आणि किती ग्रंथी तपासल्या व त्यांतल्या किती बाधित निघाल्या. नसतील तर विचारा. गाठीचे मेणातले ब्लॉक आणि स्लाइड कुठे ठेवले आहेत याची नोंद करून ठेवा. पुढे कधी जनुकीय तपासणी लागली तर ती त्याच ब्लॉकवर होते, आणि अर्ज केल्यावर ते मिळतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, तर कुठल्याही जनुकीय चाचणीची वाट न पाहता या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा.